मंडळीचा इतिहास कीं साहेबांची नामावळी?

धाराशिव येथें जानेवारी २०२० मध्यें ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या निवडीस कांहीं मंडळींनीं जो विरोध केला, त्यांत त्यांच्या ग्रंथांचा विचार थोडा आणि त्यांच्या पाद्रीपणाचा फार होता. तो वाद आतां शमला आहे. दिब्रिटोही २०२४ सालीं निवर्तले. परंतु ज्या समजुतींतून तो वाद निघाला ती अद्याप जिवंत आहे, म्हणून तिचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. ख्रिस्ती मंडळी ही साहेबानें येथें आणून ठेविलेली परकी वस्तु असून तिला इतिहास असलाच तर तो साहेबाचा, अशी ती समजूत आहे.

हें संमेलन ज्या मराठवाड्यांत भरलें, त्याच मराठवाड्यांतील जालन्याचें उदाहरण पाहा. धाराशिवप्रमाणें जालनाही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेथें स्कॉटलंडच्या फ्री चर्चचें, म्हणजे प्रेस्बिटेरियन पंथाचें, कार्य उभारण्यांत पुढाकार होता तो नारायण शेषाद्री या ब्राह्मण गृहस्थांचा. १८४३ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती यास परत जातींत घ्यावें कीं नाहीं यावरून त्याच सालीं मुंबईंत केवढें वादळ उठलें, आणि श्रीपतीची बाजू घेतल्याबद्दल बाळशास्त्री जांभेकरांस स्वजातीयांचा किती रोष सोसावा लागला, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. पुढें जालन्याजवळ सालारजंगांच्या कारकीर्दींत मिळालेल्या जमिनीवर शेषाद्रींनीं बेथेल हें ख्रिस्ती गांव वसविलें. ही मंडळी मुख्यतः मांग व महार समाजांतून आलेली होती.

परंतु शेषाद्रींचें चरित्र सांगितलें म्हणजे मंडळीचा इतिहास सांगून झाला असें मानणें ही दुसरी चूक होय. प्रेस्बिटेरियन हें नांवच ‘वडील’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलें आहे. या पंथांत बिशप नाहीं. मंडळीचे सभासद आपल्यांतून वडील निवडतात, आणि पाळकासह हे वडील सभासद घेणें, शिस्त राखणें व तंटे ऐकणें हीं कामें पाहतात. ज्या मुलुखांत पाटिलकी बापाकडून मुलाकडे जाई आणि मांगाला चावडीची पायरीही चढतां येत नसे, तेथें मतें देऊन वडील निवडण्याची ही पद्धत आली. ती कितपत अमलांत आली, गोऱ्या मिशनऱ्यांनीं आपल्या हातचे अधिकार किती नाखुषीनें सोडले, आणि निवडलेल्या वडिलांनीं ते कसे चालविले, हाच खरा इतिहास होय. आणि नेमका तोच आपणांस कोणी सांगत नाहीं.

‘हे सारे भाकरीसाठीं बाटले’ असें एक ठरलेलें उत्तर यावर मिळतें. दुष्काळांत कोणी धान्यासाठीं आला असेल. आम्ही तें नाकारीत नाहीं. पण धान्य एका हंगामांत संपतें, त्यासाठीं मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहत नाहीं. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें अनुसूचित जातींतील मनुष्य ख्रिस्ती झाला कीं त्याच्या सवलती जातात. शिखांस १९५६ सालीं व बौद्धांस १९९० सालीं त्या मिळाल्या, ख्रिस्त्यांस मिळाल्या नाहींत. पदरचें घालवून जो एखादें मत धरून बसतो त्यास लोभी म्हणणें हें कोणत्या तर्कशास्त्रांत बसतें? ब्राह्मण बाटला तर त्यास विचार होता, मांग बाटला तर त्यास केवळ पोट होतें, असें म्हणणाऱ्याची जातिनिष्ठाच तेवढी या विधानांतून सिद्ध होते.

ख्रिस्ती बंधूंसही आमचें सांगणें आहे. आपल्या स्मरणिकांतून साहेबांचीं नांवें, इमारतींचीं वर्षें आणि घंटेची किंमत देऊन आपण थांबूं नये. तेणेंकरून विरोधकांचेंच म्हणणें खरें ठरतें. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या आणि वडिलांच्या सभांचीं टिपणें हें खरें धन आहे. मंडळ्यांचीं नांवें तर बदलतच आलीं आहेत: उत्तरेकडील प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ सालीं एकत्र झाल्या, आणि १९७० सालीं नागपुरास स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत बिशपही आले. फलक बदलतांना जुनीं दप्तरें अडगळींत पडतात, आणि वाळवी कोणत्याही पंथाचा भेद करीत नाहीं.

‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं एका मराठी ख्रिस्त्यानें लिहिलें, हें आपण परीक्षेपुरतें पाठ करतों. त्याच भाषेंत ज्यांनीं प्रार्थना केली, भांडणें मिटविलीं आणि मुलांस अक्षरें शिकविलीं, त्या साध्या माणसांची दप्तरें मराठी इतिहाससंशोधकांनीं मोडी कागदांइतक्याच आस्थेनें वाचलीं पाहिजेत. तीं वाचल्यावांचून या मंडळीस परकी ठरविण्याचा अधिकार कोणासही पोहोंचत नाहीं.