खेळाचे औषध आणि महिन्याचा खर्च

माझ्या दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत. गेल्या दिवाळीत एक अकरा वर्षांचा मुलगा कठडा धरून त्या तिन्ही पायऱ्या स्वतः चढून आला. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यामुळे, म्हणजे ज्याला आम्ही सेरेब्रल पाल्सी म्हणतो त्यामुळे, त्याचे पाय ताठ आहेत. यंदा मे महिन्यात तोच मुलगा आईच्या कडेवर आला. या विकारात मेंदूची इजा वाढत जात नाही, पण हालचाल थांबली की स्नायू आखडतात आणि सांधे वाकतात. मी कारण विचारले. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तो खेळाचा वर्ग बंद पडला ना जानेवारीत."

हा वर्ग आमच्याच गावातला. दोन तरुण शिक्षकांनी शाळेच्या मैदानावर संध्याकाळी सुरू केलेला. वैशिष्ट्य असे की तेथे कुणाला कडेला बसवत नाहीत. दृष्टिहीन मुलासाठी चेंडूत घुंगरू असते, ज्याला उभे राहता येत नाही तो खुर्चीवरून चेंडू फेकतो, आणि एरवी धडधाकट मुलेही त्याच संघात असतात. ही निव्वळ धर्मादाय संस्था नव्हे. ज्याला परवडते त्याने फी द्यायची आणि त्यातून न परवडणाऱ्याचाही खेळ चालवायचा, नफा कुणी घरी न्यायचा नाही, अशी ही रीत. अलीकडे याला सामाजिक उद्योग म्हणतात.

हिशेब साधा आहे. मुले ४०. त्यातली २६ मुले दरमहा ३०० रुपये देतात, म्हणजे ७,८०० रुपये. खर्च असा: दोघांचे मानधन १०,०००, मुलांना आणणाऱ्या रिक्षांचे भाडे ५,०००, चेंडू, फक्की, पाणी व प्रथमोपचार १,५००. एकूण १६,५००. दरमहा ८,७०० रुपयांची तूट. ही तूट शिक्षकांनी दीड वर्ष पदरमोड करून भरली आणि मग हात टेकले.

गावाने मदत केली नाही असे नाही. डिसेंबरात या मुलांची मोठी स्पर्धा झाली. मांडव पडला, पाहुणे आले, चषक वाटले. एक चषक माझ्या वडिलांच्या नावाने मी दिला होता आणि फोटोतही मी होतो. त्या एका दिवसावर जेवढा पैसा गेला, त्यात पुढचे चार महिने रिक्षा आल्या असत्या. तेव्हा ते माझ्या लक्षात आले नाही, हे येथे कबूल केलेले बरे.

डॉक्टर म्हणून तरी मला ते कळायला हवे होते. रक्तदाबाची गोळी वर्षातून एकदा मूठभर घेऊन चालत नाही, ती रोज घ्यावी लागते. व्यायामाचेही तसेच. कमावलेली ताकद आणि दमसास व्यायाम सुटल्यावर काही आठवड्यांत उतरू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी असे म्हटले आहे, आणि दिव्यांग मुलांसाठीही तेच प्रमाण सांगितले आहे. जे औषध रोजचे आहे, त्याचा पैसाही नियमित आला पाहिजे. एकरकमी देणगीने उद्घाटन होते, वर्ग चालत नाही.

नागपूरचे उदाहरण पाहा. महाविद्यालयात क्रीडा शिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्तीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. 'स्लम सॉकर' या त्यांच्या संस्थेला २०१६ साली फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये त्यांच्या कामावरून चित्रपटही निघाला. आपण पुरस्कार पाहतो. मधली १५ वर्षे मैदान चालू ठेवावे लागले, हे विसरतो.

"हे सरकारचे काम," असे कुणी म्हणेल. बरोबरच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळातील सहभागाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायती व नगरपालिकांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती कशावर खर्च होते हे आपल्या नगरसेवकाला अवश्य विचारा. मोठ्या कंपन्यांवर नफ्यातील २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन आहे आणि त्यात ग्रामीण व पॅरालिम्पिक खेळांचे प्रशिक्षण बसते. पण लहान कारखान्यांना ते बंधन लागू नाही, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत मुलाचे स्नायू थांबून राहत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: चषक देऊ नका, महिना द्या. ८,७०० रुपये म्हणजे दरमहा १०० रुपये देणारी ८७ माणसे. एवढी माणसे आपल्या बाजारपेठेच्या एका रस्त्यावर सापडतील. संस्थेनेही दर महिन्याचा जमाखर्च शाळेच्या फळ्यावर लावावा. देणाऱ्याने किती चषक मिळाले हे न विचारता या महिन्यात किती मुले किती दिवस आली, हे विचारावे.

यादी माझ्या दवाखान्यात ठेवली आहे. आजवर ३१ नावे झाली आहेत आणि तेवढ्यावर आठवड्यातून दोन दिवस वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. तो मुलगा परवा येऊन गेला. पहिली पायरी तो स्वतः चढला. उरलेल्या दोन पायऱ्यांसाठी ५६ नावे हवी आहेत.