हलके म्हणजे नेमके कोणाला हलके?

मंडळाच्या वाचनालयातील चार संगणकांचा विषय गेल्या कार्यकारिणीच्या सभेत दहा मिनिटांत उरकला. त्याआधी सभागृहाच्या गळक्या छतावर दीड तास चर्चा झाली होती, म्हणून असेल, पण 'तरुण मंडळी बघून घेतील' असे म्हणून सगळ्यांनी चहाचे कप उचलले. तरुण मंडळींनी बघून घेतले. त्याचे जे झाले ते सभासदांपुढे ठेवणे आम्ही आमचे काम समजतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. संगणकांवर लिनक्स टाकण्याला आमचा विरोध नाही, उलट पाठिंबाच आहे. ही चारही यंत्रे एका सभासदाच्या कचेरीतून मोडीत निघालेली. दोन यंत्रांत दोन जीबी रॅम, दोनांत चार. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी किमान चार जीबी रॅमबरोबर टीपीएम २.० नावाची चीप लागते, जी आमच्या एकाही यंत्रात नाही. म्हणजे एकतर भंगारवाल्याला बोलवा, नाहीतर हलक्या डेस्कटॉपचे लिनक्स घाला. फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि कोणाची परवानगी लागत नाही. इंदुरात राहणाऱ्या, मंडळाच्या वर्गणीचा पैसा न् पैसा मोजणाऱ्या माणसाला याहून चांगली गोष्ट कोणती?

भांडण पुढचे आहे. फाईलवर दोनदा टिचकी मारली की कोणता प्रोग्राम उघडावा, कळ दाबली की कोणते अक्षर उमटावे, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. ते ठरवले कोणी, आणि कोणत्या मापाने?

माप होते मेगाबाइटचे. प्रत्येक कामासाठी दोन-चार प्रोग्राम शोधले आणि ज्याला सर्वांत कमी रॅम लागते तो ठेवला. लिहिण्यासाठी एक अगदी हलका प्रोग्राम. इंटरनेटसाठी असा एक ब्राउझर की ज्यात जावास्क्रिप्टच चालत नाही, त्यामुळे बँकेचे पान उघडत नाही, रेल्वेचे तिकीट निघत नाही. आणि भाषेच्या जागी निवडली हिंदी. कारण विचारले तर उत्तर आले, "काका, देवनागरीच तर आहे. काय फरक पडतो?"

वाचकहो, हे वाक्य आपण इथे पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो आहोत. शाळेत ऐकले, नगरपालिकेच्या कचेरीत ऐकले, मतदारयादीत नाव चुकले तेव्हा ऐकले. ते आता आपल्याच वाचनालयात, आपल्याच पोरांच्या तोंडून ऐकायचे का?

काय फरक पडतो ते सांगतो. मंडळाच्या वधूवर मेळाव्याचे पत्रक या यंत्रावर तयार झाले. त्यात 'वऱ्हाड' हा शब्द चार ठिकाणी होता आणि चारही ठिकाणी ह च्या डोक्यावर रफार बसला. ज्यांच्या घरी कऱ्हाडहून आलेल्या पूर्वजांची वंशावळ भिंतीवर टांगलेली आहे अशा एका सभासदांचे 'कऱ्हाडे' हे आडनावही तसेच छापले गेले. ऱ्ह आणि ऱ्य ही जोडाक्षरे मराठीची आहेत. हिंदीला त्यांची गरज नाही. ती उमटवायला नुक्त्याचा ऱ लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र जे च्या कळीवर आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ येतो. तसाच ल एन वर आणि शिफ्टबरोबर ळ. पण आपल्या यंत्रावर इन्स्क्रिप्ट नव्हताच. रोमन अक्षरे दाबून हिंदी उमटवणारी कसलीशी पद्धत ठेवली होती, तिच्यात ऱ कसा काढायचा ते बसवणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

दुसरी गंमत शुद्धलेखन तपासणीची. भाषा हिंदी म्हणून कोश हिंदी. वार्षिक अहवाल लिहायला बसलेल्या आमच्या एका ज्येष्ठ भगिनींना अर्ध्याहून अधिक शब्दांखाली तांबडी रेघ दिसली. 'मंडळ' चूक, 'सभासदांनी' चूक, 'आहे' तेवढे बरोबर. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर मराठी शिकवली, आणि हे यंत्र मला नापास करतंय." हसण्यावारी नेले सगळ्यांनी. त्या मात्र तेव्हापासून संगणकाकडे फिरकलेल्या नाहीत, अहवाल हाताने लिहून देतात.

ल आणि श यांच्या वळणाचेही तेच. मराठी ल आणि हिंदी ल वेगळे दिसतात हे आपल्याला बालवाडीपासून माहीत आहे. काही फाँटांत दोन्ही वळणे भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे यंत्राला सांगितले की ते आपले वळण दाखवते. सांगायचे कोणी? ज्याने भाषेच्या खान्यात हिंदी निवडली त्याने सांगण्याचे दारच बंद केले. आणि 'ॲ' हे अक्षर मराठीकरिता युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. 'देवनागरी तर एकच' म्हणून सगळे बसले असते तर ते आले असते का?

आता तरुण मंडळींची बाजू. ती आम्ही समजावून घेतली आहे, आणि तीत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. ते म्हणतात, मराठी निवडली तर मेनूतले कितीतरी शब्द इंग्रजीत राहतात, कारण अनेक प्रोग्रामांचे मराठी भाषांतर अर्धवट आहे. हिंदीचे त्या मानाने पुरे आहे. खरे आहे. पण लिनक्समध्ये भाषांची उतरंड लावता येते: आधी मराठी, ती नसेल तिथे हिंदी, तीही नसेल तर इंग्रजी. एका ओळीचे काम आहे आणि बहुतेक प्रोग्राम ती उतरंड पाळतात. मेनूची भाषा एक, कळफलकाची दुसरी, मजकुराची तिसरी असेही ठेवता येते. मेनू हिंदीत राहिला तर आमचे काही जात नाही. 'फ़ाइल' आणि 'संपादन' वाचून कोणाची मराठी बिघडत नाही. पण लिहिण्याची भाषा हिंदी ठेवली की रोज थोडी बिघडते.

दुसरा मुद्दा वजनाचा. मराठी टंकनासाठी आयबस नावाची यंत्रणा मागे चालू ठेवावी लागते आणि ती रॅम खाते, असे आम्हाला सांगण्यात आले. अर्धेच खरे. ज्यांना रोमन अक्षरांनी लिहायचे आहे त्यांना आयबस लागतो. इन्स्क्रिप्टला लागत नाही. 'मराठी' हा कळफलक लिनक्सच्या मूळ कळफलकांच्या यादीतच आहे, इंग्रजीच्या शेजारी तो जोडायचा आणि दोन कळांनी इकडून तिकडे जायचे. वेगळे काही बसवायला नको. म्हणजे मेगाबाइट वाचवायचेच होते तर ते मराठीच्या बाजूने वाचवता येत होते. कोणी पाहिले नाही, इतकेच.

हलक्या प्रोग्रामांच्या बाबतीत तर खुद्द हलके लिनक्स बनवणाऱ्यांचा अनुभव बघावा. झुबुंटू आणि लुबुंटू या दोन्ही हलक्या म्हणवणाऱ्या वितरणांनी कित्येक वर्षे लिहिण्यासाठी ॲबीवर्ड आणि हिशेबासाठी ग्न्युमेरिक दिले. दोन्ही चपळ, जुन्या यंत्रावर पटकन उघडणारे. तरी झुबुंटूने २०१५ साली, १५.१० या आवृत्तीत, ते काढून लिब्रेऑफिसचे रायटर आणि कॅल्क ठेवले. लुबुंटूने २०१८ साली १८.१० मध्ये तेच केले. ज्यांचा धंदाच वजन कमी करण्याचा, त्यांनी हा बोजा का पत्करला असावा? आमचा तर्क सरळ आहे: बाहेरून आलेली फाईल जशीच्या तशी उघडायला हवी. आपल्याकडे येणारे अर्ज, ठराव, नमुने सगळे वर्डच्या फाईलींत येतात. तक्ता मोडला की तो पुन्हा मांडायला माणसाची संध्याकाळ जाते. आपल्या सचिवांची संध्याकाळ किती मेगाबाइटची असते ते कोणी मोजले आहे काय?

लिब्रेऑफिस ठेवले म्हणजे भागले असेही नाही. त्यात देवनागरीसारख्या लिप्यांची व्यवस्था वेगळ्या खान्यात असते. तो खाना चालू करून तिथे मराठी निवडली नाही तर माणूस फाँट बदलत राहतो आणि अक्षर जागचे हलत नाही, कारण बदलतो तो रोमन अक्षरांचा फाँट. मग 'लिनक्सवर मराठी नीट येत नाही' अशी बोंब होते. मराठीचा शब्दकोशही त्याच वेळी बसवावा. पाच मिनिटांचे काम, पण ते यंत्र बसवताना करायचे असते. अहवालाच्या आदल्या रात्री फोनवरून सांगायचे नसते.

जिथे हलकेपणा योग्य आहे तिथे आम्ही हलकेपणाच्याच बाजूचे आहोत. पीडीएफ बघायला ॲट्रिल किंवा क्यूपीडीएफव्ह्यू पुरेसे आहे; अक्षरे फाईलमध्येच असतात, दाखवणाऱ्याला फारशी अक्कल लागत नाही. किरकोळ टिपणांना माऊसपॅड चालेल. नाट्यसंगीत ऐकायला कोणताही वाजवणारा ठेवा, भांडणार नाही. डेस्कटॉप एक्सएफसीई की एलएक्सक्यूटी, हा वाद ज्यांना वेळ आहे त्यांनी घालावा. ब्राउझर मात्र फायरफॉक्ससारखा पुरता हवा. दोन जीबीवर त्याची आठ पाने एकदम उघडली तर यंत्र धापा टाकणार, कबूल. मग त्या दोन यंत्रांत रॅमची एकेक पट्टी वाढवा. जुन्या बाजारातली पट्टी गणेशोत्सवाच्या मांडवावरच्या एका माळेहून महाग पडणार नाही.

"ज्याला नको असेल त्याने बदलून घ्यावे," हा शेवटचा बचाव. संगणकाचा सराव असलेल्याला तो खरा वाटतो. पंगतीत मीठ आणि लिंबू जिथे वाढले जाते तिथूनच माणूस घेतो, उठून स्वयंपाकघरात जात नाही. आपल्या वाचनालयात येतात पंधरा-वीस ज्येष्ठ आणि संस्कार वर्गाची मुले. यांतले कोण सेटिंग उघडून बदल करणार? मूळ मांडणीत जे ठेवले तेच दहा वर्षे राहते. आणि ती मांडणी सर्वांसाठी एकदाच करता येते: कोणत्या फाईलला कोणता प्रोग्राम, हे एका छोट्या यादीत लिहिलेले असते, ती यादी पूर्ण यंत्रासाठी लिहिली की नवे खाते उघडणाऱ्यालाही तीच मिळते.

केरळात शाळांतून मुक्त संगणक प्रणाली शिकवली गेली, त्यांच्यासाठी स्वतंत्र लिनक्स तयार झाले, आणि मल्याळम त्यात पाहुणी म्हणून नाही तर घरची म्हणून बसली. तिथे सरकार पाठीशी होते, हे मान्य. इथे आपल्या पाठीशी कोणी नाही. इंदुरात मराठीला होळकरांच्या अमदानीत जो मान होता तो गेला, त्याचे रडगाणे आम्ही गात नाही. पण वाचनालयाच्या चार यंत्रांवर तर दुसऱ्या कोणाचे राज्य नाही ना?

आता आमचीही चूक सांगून टाकतो, नाहीतर तरुण मंडळी सांगतीलच. या पत्रिकेचे १९९८ ते २००९ पर्यंतचे अंक आम्ही त्या काळच्या एका फाँटमध्ये टाईप केले. दिसायचे मराठी, आत साठायची इंग्रजी अक्षरे. तेव्हाही आम्हाला 'दिसतंय ना, झालं तर' असेच वाटले होते. आज त्या सीडी उघडल्या तर पडद्यावर कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांची रांग येते. त्यात सभासदांच्या आईवडिलांच्या श्रद्धांजली आहेत, दोनशेहून अधिक घराण्यांची माहिती आहे. छापील प्रती वाळवीने निम्म्या खाल्ल्या. होळकरकालीन मोडी कागद अजून वाचता येतो, मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागाही मिळाली. आमचा २००३ चा दिवाळी अंक मात्र आम्हालाच वाचता येत नाही. म्हणून 'काय फरक पडतो' ऐकले की आमचा तोल जातो.

वार्षिक सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. यंत्राची आणि मजकुराची भाषा मराठी, भारत. कळफलक इन्स्क्रिप्ट मराठी, आणि हवा त्याला रोमनवरून लिहिण्याची सोय. लेखनासाठी लिब्रेऑफिस, मंडळाचे कागद ओडीटी या खुल्या स्वरूपात, बाहेर पाठवायचे ते पीडीएफ. आणि कोणताही प्रोग्राम मूळ म्हणून ठेवण्याआधी त्यात 'वऱ्हाड, कऱ्हाडे, सुऱ्या, सूर्य, बाळ, ॲड्रेस' एवढे सहा शब्द लिहून, साठवून, पुन्हा उघडून, छापून दाखवायचे. ज्यात सहाही नीट आले त्यांतला सर्वांत हलका खुशाल ठेवा.

ज्यांनी यंत्रे बसवली त्या दोघांनी फुकट चार रविवार घालवले, याची आम्हाला जाणीव आहे, आणि सभेत त्यांचे आभार मानण्याचा ठरावही आम्हीच मांडू. पण आधी हा. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही वाचनालयात आहोत. कळफलकाची मराठी चिठ्ठी चिकटवायला कात्री आणि डिंक आणतो आहोत. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी जरूर यावे, शक्यतो रॅमची पट्टी घेऊन.