व्हिस्कोसचा भाव आणि जंगलाची माती

व्हिस्कोसचे सूत घेताना आम्ही कापडवाले काउंट पाहतो, भाव करतो, उधारीचे दिवस ठरवतो. हे सूत लाकडाच्या लगद्याचे. भारतात तो कॅनडा, स्वीडनसारख्या देशांतूनही येतो. तिथे झाड कसे तोडले, हे आम्ही कधी विचारले नाही.

तोडीची यंत्रे दहा-वीस टनांची असतात. ओल्या जमिनीवर ती दोन-चार फेऱ्या फिरली तरी माती दबते. तिच्यातल्या पोकळ्या बुजतात, पाणी मुरत नाही, कोवळ्या रोपाचे मूळ आत शिरत नाही. ही माती पुन्हा मोकळी व्हायला कित्येकदा दशके लागतात. आपल्या गडचिरोलीत कमलापूरचे हत्ती ओंडके ओढीत. हत्तीही माती तुडवतो, पण तो वीस टनांचा नसतो!

सरसकट तोड वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. पाइनच्या रोपाला ऊन लागते, दाट सावलीत ते खुंटते. पण फांद्या-पानेही उचलून नेली तर मातीचे खत गेले. जाणकार तोडवाले जमीन गोठल्यावर हिवाळ्यात काम करतात, यंत्राच्या वाटेवर फांद्या अंथरतात, आखलेली वाट सोडत नाहीत. त्याला खर्च येतो, आणि स्वस्ताईच्या हट्टापायी तो खर्च टाळायला आपणही भाग पाडतो.

१९९३ साली स्थापन झालेल्या एफएससीचा दाखला युरोपातले ग्राहक मागतात. पुढच्या सौद्यात भावाआधी तो आम्हीही मागणार आहोत.