विश्लेषण: फुटपाथवर राहणाऱ्या व्यसनी माणसापर्यंत उपचार का पोहोचत नाहीत?

मोफत उपचारांचा हक्क कायद्यात आहे. निवारे उभारण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. औषधंही देशात उपलब्ध आहेत. तरीही बेघर आणि व्यसनाधीन माणूस वर्षानुवर्षं त्याच पुलाखाली दिसतो. असं का होतं?

मुंबईत ‘गर्दुल्ला’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रुळांलगत, उड्डाणपुलाखाली किंवा स्टेशनबाहेरच्या भिंतीला टेकून बसलेला माणूस दिसला की तो सहज तोंडात येतो. ‘गर्द’ म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइनचं भेसळयुक्त आणि स्वस्त रूप. १९८० च्या दशकात ती मुंबई-पुण्यात पसरली आणि तिच्यासोबत हा शब्दही रुळला.

त्यानंतर नशेचे प्रकार बदलले, वाढले. पण या माणसांबद्दल सुचवले जाणारे उपाय आजही दोनच आहेत: पोलिसांनी त्यांना इथून हटवावं, नाहीतर कुठल्यातरी केंद्रात नेऊन टाकावं. सोशल मीडियावर एखाद्या स्कायवॉकचा व्हिडिओ व्हायरल झाला की खाली याच दोन मागण्या दिसतात. हे दोन्ही उपाय अनेकदा करून झाले आहेत. हटवलेला माणूस पुढच्या पुलाखाली जातो आणि केंद्रात गेलेला बहुतेक वेळा परत येतो.

प्रश्न किती मोठा आहे?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी, तर सुमारे ७७ लाख लोकांना अफू, हेरॉइन आणि त्या वर्गातल्या गोळ्यांच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख आहे. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठला ना कुठला उपचार मिळाला होता.

या सर्वेक्षणाचा मोठा भाग दोन लाखांहून अधिक घरांना भेट देऊन झाला. म्हणजे ज्याला घर आहे, तोच या भागात मोजला गेला. अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्यांसाठी वेगळी पद्धत वापरली गेली होती, पण बेघर माणसांचं व्यसन किती, याचा स्वतंत्र हिशोब त्यातून मिळत नाही.

बेघरांची मोजणीही जुनीच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे १७.७३ लाख लोक बेघर होते, त्यातले मुंबईत सुमारे ५७ हजार. यातले सगळे व्यसनी नव्हेत. उलट मोठा हिस्सा हातावर पोट असलेल्या, कामासाठी शहरात आलेल्या कुटुंबांचा आहे. पण ज्यांच्या वाट्याला व्यसन आणि रस्ता दोन्ही आले, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित अवस्थाही येतात. याच कायद्याच्या कलम १८ नुसार निराधार किंवा बेघर व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्य संस्थांमध्ये पूर्णपणे मोफत उपचारांचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसालाही हाच हक्क आहे आणि त्यासाठी कार्ड हातात असण्याची अट नाही. कलम १०० म्हणतं की, मानसिक आजार असलेली आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळली तर पोलिसांनी तिला तपासणीसाठी सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं, लॉकअपमध्ये ठेवू नये.

दुसरीकडे, अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइनच्या सेवनासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मात्र स्वतःहून उपचार घेऊ पाहणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला सेवन आणि अल्प प्रमाणात बाळगल्याच्या खटल्यातून संरक्षण देणारं कलम ६४-अ याच कायद्यात आहे.

म्हणजे एकाच माणसाकडे एक कायदा रुग्ण म्हणून बघतो आणि दुसरा आरोपी म्हणून. रस्त्यावर त्याला आधी कोण भेटतं यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. बहुतेक वेळा आधी पोलिस भेटतात.

मग अडतं कुठे?

समजा, तिशीतला एक माणूस आहे. तो ब्राऊन शुगर घेतो आणि फुटपाथवर झोपतो. पायाला चिघळलेली जखम आहे, दोन महिन्यांपासून खोकला आहे. एक दिवस तो ठरवतो की आता बस्स.

तो सरकारी रुग्णालयात जातो. केस पेपर काढण्यासाठी रांग, मग ओपीडीची रांग. शेवटचा डोस घेऊन आठ-दहा तास झाले की त्याच्या अंगात ‘टर्की’ सुरू होते: नाका-डोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, हाडं मोडल्यासारखं दुखणं, उलट्या, जुलाब. रांग संपायच्या आत तो उठून जातो. कागदावर नोंद होते, ‘रुग्ण निघून गेला’.

तो व्यसनमुक्ती केंद्रात जातो. अनेक केंद्रं भरती करताना सोबत नातेवाईक मागतात. आपल्याकडच्या उपचारांत कुटुंबाचा सहभाग महत्त्वाचा मानला जातो आणि त्याला कारणही आहे. पण ज्याचं घरच तुटलं आहे, त्याने सही करायला कोणाला आणायचं?

तो रात्र निवाऱ्याकडे वळतो. तिथे नशेत असलेल्याला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. इतर कुटुंबांची, मुलांची सुरक्षितता हे कारण खरंच आहे. पण नशा सुटेपर्यंत छप्पर नाही आणि छप्पर नसताना नशा सुटणं जवळपास अशक्य, असा हा पेच आहे.

खोकला क्षयरोगाचा निघाला, तर किमान सहा महिने रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्या ठेवायच्या कुठे? पावसात भिजतात, झोपेत पिशवीसकट चोरीला जातात. क्षयरुग्णांना पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली. ती बँक खात्यात जमा होते. खात्यासाठी ओळखपत्र हवं आणि ओळखपत्रासाठी पत्ता.

यातली प्रत्येक अट सुटी पाहिली तर वाजवी वाटते. पण सगळ्या एकत्र केल्या तर असं दिसतं की ही संपूर्ण व्यवस्था घर, नातेवाईक आणि कागदपत्रं असलेल्या रुग्णाला समोर ठेवून बांधली आहे.

महिनाभर केंद्रात ठेवलं तर?

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या कामाची मोठी परंपरा आहे. डॉ. अनिल अवचट यांनी ‘गर्द’वर लेखन केलं, आणि पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. डॉ. सुनंदा अवचट यांनी तिथली उपचारपद्धती घडवली. साधारण पाच आठवड्यांचा निवासी उपचार, त्यानंतर पाठपुरावा आणि कुटुंबाची साथ या पद्धतीने हजारो घरं सावरली.

पण केंद्रातून बाहेर पडल्यावर जायला घरच नसेल, तर माणूस त्याच कट्ट्यावर, त्याच विक्रेत्यासमोर परततो. इथे एक जीवघेणा धोका असतो. काही आठवडे हेरॉइन बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती कमी होते. माणूस मात्र सवयीने जुन्या मात्रेचाच डोस घेतो. श्वास मंदावतो आणि मृत्यू ओढवू शकतो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दिवसही याच कारणाने सर्वांत धोक्याचे असतात. म्हणजे रस्त्यावरून उचलून महिनाभर कोंडून पुन्हा रस्त्यावर सोडणं, हे काहीच न करण्यापेक्षाही घातक ठरू शकतं.

‘ओएसटी’ म्हणजे काय?

ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी, म्हणजेच ओएसटी. यात हेरॉइनऐवजी ब्युप्रेनॉर्फिन नावाचं औषध जिभेखाली दिलं जातं. ते टर्की थांबवतं आणि त्याचा परिणाम साधारण दिवसभर टिकतो. ठरावीक मात्रेनंतर त्याचा परिणाम फारसा वाढत नाही, त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉइनपेक्षा बराच कमी असतो. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाअंतर्गत ते सरकारी आणि स्वयंसेवी संस्थांच्या केंद्रांतून मोफत मिळतं.

एड्स कार्यक्रमात ते का आलं? एकच सुई अनेकांनी वापरल्याने एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पसरतात. २०२१ च्या सरकारी पाहणीत इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ९.०३ टक्के आढळलं. देशातल्या प्रौढ लोकसंख्येत ते सुमारे ०.२ टक्के आहे. म्हणून स्वच्छ सुया देणं आणि सुईची गरजच संपवणारं औषध देणं, असे दोन्ही मार्ग स्वीकारले गेले.

बेघर माणसासाठी ओएसटीचा फायदा साधा आहे. रोज सकाळी टर्की घालवण्यासाठी पैसे मिळवण्याची धावपळ थांबते. चोरी, भंगार, भीक यात जाणारा दिवस मोकळा होतो. जखमेची मलमपट्टी, क्षयरोगाच्या गोळ्या, हिपॅटायटिस सीचा साधारण १२ आठवड्यांचा मोफत उपचार हे सगळं त्याच खिडकीवर जोडता येतं, कारण तो माणूस तिथे रोज येतो. मुंबईत ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’सारखी संस्था १९९० च्या दशकापासून रस्त्यावरच्या नशाग्रस्तांमध्ये काम करते आहे. दिल्लीत एम्सच्या व्यसन उपचार केंद्राने त्रिलोकपुरीसारख्या वस्तीत दवाखाना चालवला. रुग्ण येत नसेल तर आपण त्याच्याकडे जायचं, हे यामागचं सूत्र.

ही नशेच्या बदल्यात नशा नाही का?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो. औषधावर अवलंबित्व राहतं, हे खरं आहे. पण मधुमेही रोज इन्सुलिन घेतो तेव्हा आपण त्याला व्यसनी म्हणत नाही. फरक परिणामात बघावा लागतो. नियमित ओएसटी घेणारा माणूस काम करू शकतो, झोपू शकतो, दवाखान्याची तारीख पाळू शकतो आणि जिवंत राहतो.

मर्यादाही आहेत. ओएसटी फक्त अफूवर्गीय नशेसाठी चालते. दारू, एमडी किंवा व्हाइटनरसाठी असा पर्याय नाही. आणि रस्त्यावरच्या मुलांमध्ये व्हाइटनर, सोल्यूशन हुंगणं ही मोठी समस्या आहे. एम्सच्या सर्वेक्षणात हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा होता, ज्याचं प्रमाण मुलांमध्ये (१.१७ टक्के) प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त आढळलं. दुसरी अडचण म्हणजे औषधासाठी रोज केंद्रावर यावं लागतं. रोजंदारीवर जाणाऱ्याचा त्यात खाडा होतो. करोनाच्या टाळेबंदीत काही दिवसांचा डोस सोबत देण्याची मुभा दिली गेली होती. नियम बदलता येतात, हे त्यातून दिसलं.

एक माणूस, चार खाती

व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देतं केंद्राचं सामाजिक न्याय मंत्रालय. ओएसटी, क्षयरोग आणि मानसिक आरोग्य येतं आरोग्य खात्याकडे. शहरी निवारे येतात नगरविकासाकडे आणि महापालिकेकडे. पोलिस गृह खात्याचे. रस्त्यावरच्या एका माणसाचं आयुष्य या चार फायलींमध्ये विभागलेलं आहे, आणि एका फाइलवरून दुसरीकडे त्याला हाताला धरून नेण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

निवाऱ्यांचीच स्थिती पाहा. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक, चोवीस तास आणि वर्षभर चालणारा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. २०११ ची मुंबईची लोकसंख्या १.२४ कोटी धरली, तर किमान १२४ निवारे व्हायला हवे होते. शहर त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचलेलं नाही.

आधी घर की आधी व्यसनमुक्ती?

फिनलंडने २००८ पासून ‘आधी घर’ हे धोरण राबवलं. व्यसन सोडण्याची अट न घालता भाड्याचं घर द्यायचं आणि उपचार, समुपदेशन नंतर जोडायचं. तिथली बेघरांची संख्या आठ हजारांवरून २०२२ पर्यंत चार हजारांच्या खाली आली. मुंबईत, जिथे नोकरदाराला वन बीएचके परवडत नाही, तिथे हे जसंच्या तसं होणार नाही. पण त्यातला धडा उचलता येतो: छप्पर हे बरं झाल्याचं बक्षीस न मानता उपचाराचाच भाग मानायचं.

त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. ओएसटी घेत असलेल्यांसाठी काही स्वतंत्र निवारे, त्याच जागी क्षयरोगाची औषधं आणि मलमपट्टी, पत्त्याऐवजी निवाऱ्याचं पत्र ग्राह्य धरणारी रुग्णालयं, आणि रोज रस्त्यावर फिरणारे आरोग्यसेवक एवढ्याने सुरुवात होऊ शकते. यातला प्रत्येक भाग देशात कुठे ना कुठे चालू आहे. ते एका ठिकाणी आणणं बाकी आहे.

आपल्या आसपास कोणी दिसलं तर?

माणूस हाक मारूनही उठत नसेल, श्वास फार मंद असेल, ओठ निळसर पडले असतील तर तो ‘पडलाय नशेत’ म्हणून पुढे जाऊ नका. १०८ वर फोन करा आणि मदत येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवा. हेरॉइनच्या ओव्हरडोसवर नालोक्सोन हे उतारा-औषध आहे, पण ते वेळेत मिळालं तरच उपयोगी पडतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहेत.

आणि व्हिडिओ काढायचा असेल, तर त्यात त्या माणसाचा चेहरा दाखवू नका. उद्या तो उपचार घेऊन कामाच्या शोधात निघाला, तर हाच व्हिडिओ त्याच्या आड येईल.