घरात माणसे किती?

दिवाळी जवळ आली, की घरोघर एक मोजदाद होते. कापडाच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी गृहिणी बोटांवर माणसे मोजते. सदऱ्याचे कापड कोणाला, साडी कोणाला, फ्रॉक कोणाला! या हिशेबातून कोणी सुटत नाही. दोन महिन्यांच्या तान्ह्यालासुद्धा झबले-टोपडे मिळते आणि भाऊबीजेला येणाऱ्या नणंदेच्या मुलांचीही आठवण ठेवली जाते.

हीच मोजदाद सरकारी कागदावर पाहावी, तर ती निराळीच भरते. घरात माणसे आठ आणि शिधापत्रिकेवर नावे पाच. गंमत अशी, की गळालेली नावे बहुधा मुलांचीच असतात. आजोबांचे नाव ते गेल्यावरही चार वर्षे कागदावर नांदत असते. नातवाचे मात्र चढलेलेच नसते. एरवी यात फारसे बिघडत नाही. मूल जेवते, खेळते, शाळेत जाते. परंतु ते आजारी पडले, की इस्पितळाच्या खिडकीपाशी याच कागदाला अकस्मात मोठी किंमत येते.

आपल्या राज्यात गरिबाच्या मोठ्या आजारपणाचा खर्च सरकारने उचलावा, हा विचार नवा नाही. १९९७ साली जीवनदायी योजना निघाली. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांपुरती ती होती. २ जुलै २०१२ रोजी तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत आमचा गोंदिया नव्हता. आमची पाळी नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळाले, आणि २०२० पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडण्यात आली. पुढे २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने दरवर्षी प्रत्येक कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी ठरली आणि पिवळ्या-केशरी कार्डाबरोबर पांढऱ्या कार्डाची घरेही योजनेत आली. म्हणजे हा लेख वाचणारी आपली मध्यमवर्गीय मंडळीही त्यात आहेत. ‘हे काही आपल्यासाठी नाही’ असे म्हणून पान उलटू नका!

थैली भरलेली आहे, तिची किल्लीही घरातच आहे. मग अडते कोठे? अडते ते किल्लीवर मुलाचे नाव नसते तेथे.

आमचा जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, धानाची शेती, जुने मालगुजारी तलाव आणि जंगल. उत्तरेला मध्य प्रदेशचा बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. नकाशावर या सीमा ठळक दिसतात. सोयरिकींना त्या कधीच दिसल्या नाहीत. आमगाव-सालेकशाकडच्या कितीतरी घरांत सून लांजी-बालाघाटकडची असते आणि मुलगी तिकडे दिलेली असते. पहिले बाळंतपण माहेरी, ही तर आपली सर्वांचीच रीत. या रीतीचा आणि शिधापत्रिकेचा संबंध काय, असे तुम्ही म्हणाल. तो मला परवा दसऱ्यानंतर सालेकसा तालुक्यातल्या एका टोल्यावर नीट उमगला.

निवृत्त मास्तर म्हणून मला गावोगाव ओळख आहे आणि रिकामा वेळही आहे. तेव्हा एका आशाताईंबरोबर मी घरोघर फिरत होतो. मुलांची आयुष्मान कार्डे झाली आहेत का, एवढेच पाहायचे होते. हलका धान कापणीला आला होता, त्यामुळे तरणी माणसे बांधावर आणि घरी म्हातारी व पोरे. एका ओसरीवर आजीबाई बसल्या होत्या.

“आजी, घरात माणसे किती?” मी विचारले.

“आठ जी, गुरुजी.”

आजींनी पेटीतून कार्ड काढून दिले. त्यावर नावे चार. आजी, आजोबा आणि दोघे मुलगे.

“आणि सूनबाई? ही तीन मुले?”

“सून लांजीची आहे जी. तिचं नाव तिकडंच आहे. आन् पोट्ट्यायचं नाव का लिहाचं? लहान आहेत आजून.”

आशाताईंनी हसून माझ्याकडे पाहिले. हे उत्तर त्यांनी बहुधा घरोघर ऐकले असावे. मग त्यांनी एकेक गाठ उकलून दाखवली. सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी झाल्याचा दाखला आल्याशिवाय ते सासरच्या कार्डावर चढणे कठीण. थोरला मुलगा लांजीला जन्मला, त्याचा दाखला हिंदीत, आणि नावाची जागा कोरी. कारण दाखला घेतला तेव्हा बारसे व्हायचे होते. मधलीचा दाखला इथला, पण आधार कार्डावर तिच्या नावाचे एक अक्षर वेगळे. धाकट्याची तर गंमतच! अंगणवाडीच्या वहीत तो ‘चिंटू’ आहे आणि आजींना त्याचे खरे नाव आठवेना.

“मग याची घाई का करायची जी?” आजींनी विचारले. “नाव चढवलं तर धान्य वाढंल का?”

प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. धान्य लगेच वाढेलच, अशी ग्वाही आशाताईंना देता येईना. त्यांनी फक्त समोरच्या घराकडे बोट दाखवले. “त्यांचं विसरल्या का, आजी?”

आजी गप्प झाल्या. वाटेत ती हकीकत मला आशाताईंनी सांगितली. मागल्या रोवणीच्या दिवसांत त्या घरचा पाच वर्षांचा मुलगा तापाने फणफणला, झटके आले, शुद्ध हरपली. गोंदियाहून त्याला नागपूरला न्यावे लागले, एका खाजगी इस्पितळात. बापाचे आयुष्मान कार्ड होते. त्याने ते मोठ्या विश्वासाने खिडकीवर ठेवले. खिडकीपलीकडच्या माणसाने मुलाचे नाव विचारले. ते शिधापत्रिकेवर नव्हते, मुलाचे स्वतःचे कार्डही नव्हते. तातडीच्या वेळी आधी उपचार आणि कागद मागाहून, अशी सोय योजनेत आहे खरी. पण मागाहून द्यायला तरी कागद असावा लागतो! बाप गावी परतला आणि त्याने बैलजोडी विकली. मुलगा वाचला. आज तो पहिलीत आहे, गल्लीत हुंदडतानाही मी त्याला पाहिला. गोठा मात्र रिकामा आहे, आणि यंदाची रोवणी त्या घराने दुसऱ्याचे बैल भाड्याने घेऊन केली.

यातली एक गोष्ट वाचकांनी पक्की लक्षात ठेवावी. घरात एकाचे कार्ड झाले म्हणजे सर्वांचे झाले, असे नव्हे. पाच लाखांची रक्कम कुटुंबाची असते. ओळख मात्र ज्याची त्याची. शिवाय केंद्राच्या योजनेची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून केलेली. त्यानंतर जन्मलेले मूल त्या यादीत असणार कोठून? त्याला कोणीतरी हात धरून आत आणावे लागते.

तो हात कोणाचा? सरकारने मोहिमा काढल्या नाहीत असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘आयुष्मान भव’ निघाली, मेळावे झाले, शिबिरे झाली. परंतु शिबिरात येतो तो कागद असलेला माणूस. कागद नसलेला घरीच राहतो. त्याला वाटते, आपले काय काम? म्हणून शिबिराचा मांडव कितीही मोठा घातला, तरी आजींच्या ओसरीपर्यंत त्याची सावली पोचत नाही. तेथे आशाताईच लागतात.

त्या दुपारी माझ्या मनात एक विचार आला. आजींचा ‘चिंटू’ सरकारला अपरिचित नाही. त्याच्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत आहे. तो अंगणवाडीत खिचडी खातो, म्हणून सेविकेच्या वहीत आहे. कुटुंबाचे धान्य येते, त्या रास्त भावाच्या दुकानाच्या यादीत मात्र तो नाही. तीन याद्या, तिन्ही एकाच गावात, हाकेच्या अंतरावर. आणि एकमेकींशी बोलत नाहीत! महिन्यातून एक दुपार ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि रेशन दुकानदार एका सतरंजीवर बसले, तर गावातले कोणते मूल कोणत्या वहीतून गळले आहे हे चहा निवायच्या आत कळेल.

हा आमच्या खेड्यातला मास्तरी विचार आहे, असे समजू नका. श्रीमंत अमेरिकेलाही याच वाटेने जावे लागले. तेथे १९९७ साली, म्हणजे आपल्या जीवनदायीच्याच वर्षी, मुलांच्या आरोग्यविम्याची सरकारी योजना निघाली. पुढे असे दिसले, की विम्यावाचून राहिलेल्या मुलांपैकी पुष्कळशी योजनेस पात्रच होती. त्यांची नावे तेवढी कोणी घातली नव्हती. तेव्हा २००९ च्या कायद्याने राज्यांना मुभा मिळाली, की गरिबांच्या अन्नमदतीसारख्या दुसऱ्या योजनेसाठी घराची जी माहिती आधीच तपासली आहे, तीच इथेही धरावी. आईबापांना पुन्हा खेटे घालायला लावू नयेत. सतरंजी तिकडची असो वा इकडची, बसायचे एकत्रच!

एक वही तर आमच्याकडे स्वतःहून दारी येते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्याचे डॉक्टरांचे पथक गाडीने फिरते. अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासते. हृदयाचे छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडी पावले असे दोष ते वेळीच हुडकून काढते. आमच्या पूर्व विदर्भात सिकलसेलही पुष्कळ. रक्ताचा हा आजार आईबापांकडून येतो, मुलाला वरचेवर सांध्यांच्या कळा येतात, पंडुरोग होतो, आणि इस्पितळाची पायरी जन्मभर सुटत नाही. जुलै २०२३ मध्ये शहडोल येथून देशभर त्याच्या तपासणीची मोहीम सुरू झाली आहे. तपासणी होते, दोष सापडतो, हे उत्तमच. पण ज्या दिवशी दोष सापडला, त्याच दिवशी त्या मुलाचे नाव कार्डावर आहे का, हे पाहिले गेले, तर पुढची वाट किती सोपी होईल!

आता आमच्याकडे भाऊबीजेपासून मंडईचे दिवस सुरू होतील. शहरातल्या वाचकांनो, मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रेला मंडई म्हणतात. दिवसा दुकाने आणि दंडार, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, नागपूर-हैदराबादकडे मजुरीला गेलेली माणसे मुलाबाळांसह परततात. वर्षात याच दिवसांत घरातली सगळी माणसे एका छपराखाली सापडतात. आशाताईंनी ठरवले आहे, की यंदा मंडईच्या दिवशी जिलेबीच्या दुकानाशेजारी एक टेबल मांडायचे. आपले सरकार केंद्राच्या मुलाला यंत्र घेऊन बोलावले आहे. माझ्याकडे अर्ज लिहिण्याचे काम आले आहे. अक्षर अजून बरे आहे म्हणतात.

आपणही काही करू शकाल. पहिले म्हणजे, आपल्या घरच्या शिधापत्रिकेवर आपल्या मुलांची नावे आहेत का, ते पाहा. जन्मदाखल्यावर नाव कोरे असेल तर भरून घ्या. नोंदणीपासून वर्षाच्या आत त्याला शुल्क पडत नाही, आणि त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत ते भरता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पुढे हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागणार आहे. मूल पाच वर्षांचे झाले, की आधार कार्डासाठी त्याच्या बोटांचे ठसे द्यायचे, हेही विसरू नका. आणि दुसरे म्हणजे, आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई, इमारतीचे रखवालदार, यांना दिवाळीची बक्षिसी देताना एक प्रश्न विचारा: “मुलांची नावे कार्डावर आहेत ना?” नसतील, तर एक दिवसाची भरपगारी रजा द्या. तहसील कचेरीत जाणाऱ्या माणसाचा रोज बुडतो, आणि पुष्कळ नावे त्या एका रोजापायी राहून गेलेली असतात.

आजींच्या सूनबाई भाऊबीजेला लांजीला जाणार आहेत. ओवाळणीत भावाकडून साडी घेण्यापूर्वी नाव कमी केल्याचा दाखला मागायचा, असे त्यांना आशाताईंनी बजावले आहे. साडी काय, पुढल्या वर्षीही मिळेल.