घाटाचा ब्रेक

गोव्यातून बेळगावला जायला वाटा बऱ्याच. चोर्ला आहे, अनमोड आहे, जरा वळसा घेतला तर आंबोली आहे, आणि छातीत दम असेल तर तिलारी. बेळगावची भाजी आणि दूध आपल्याकडे उतरतं ते याच वाटांनी. खरेदीला, लग्नाच्या बस्त्याला, इस्पितळाला आपण वर चढतो तेही याच वाटांनी. बेळगावहून पुढे निपाणीकडे निघालात तर संकेश्वर आणि निपाणीच्या मध्ये तवंदीचा घाट लागतो. निपाणीहून राधानगरीमार्गे देवगडला जाणारा रस्ता फोंडाघाटातून कोकणात उतरतो (हा सिंधुदुर्गातला फोंडाघाट बरं का, आपलं फोंडें नव्हे!). थोडक्यात काय, या सीमाभागात नातीगोती, बाजार, दवाखाना सगळं घाटाच्या अलीकडे-पलीकडे आहे, आणि घाट म्हटला की ब्रेक आलाच.

या भागातल्या गाडीवेड्या तरुणांमध्ये 'परफॉर्मन्स' ब्रेकपॅडचं आकर्षण बरंच दिसतं. ऑनलाइन मागवायचे आणि रविवारी अंगणातच बसवायचे. यावर घरोघरी दोन मतं. वडीलधारी म्हणतात, ब्रेकशी खेळ नको, गॅरेजात टाक. पोरगा म्हणतो, एवढे महागाचे पॅड घातलेत, आता घाटाची काय भीती? माझ्या मते दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. पॅड अंगणात जरूर बदलावेत. पण त्या महागड्या डब्याच्या भरवशावर घाट उतरू नये.

थोडं गणित करू. साधारण 1200 किलोची गाडी घाटमाथ्यावरून 700 मीटर खाली उतरली की सुमारे 82 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत 25 लिटरहून जास्त पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल, म्हणजे आंघोळीची बादली भरून वर थोडं. दुसऱ्या भाषेत सांगायचं तर ताशी 60 किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबणं, आणि तेही जवळजवळ 50 वेळा! यातला काही वाटा हवा आणि टायर उचलतात. उरलेली उष्णता एकतर इंजिनाने घ्यायची, नाहीतर ब्रेकने. सगळी ब्रेकवर टाकली तर पॅड तापतो, घर्षण कमी होतं, आणि पाय दाबला तरी गाडी ऐकेनाशी होते.

'परफॉर्मन्स' पॅड इथे मदत करतो का? थोडीफार करतो. तो जास्त तापमान सोसतो. पण शर्यतीच्या जातीचा पॅड मुळात गरम झाल्याशिवाय नीट पकडतच नाही. जुलैतल्या सकाळी, धुक्यात, चोर्ल्याच्या पहिल्याच वळणावर अचानक गुरं आडवी आली तर हा थंड पॅड काय कामाचा? रस्त्यासाठीचे परफॉर्मन्स पॅड त्यापेक्षा बरे, पण बऱ्याचदा जास्त कुरकुरतात, धूळ सोडतात, आणि काही काही डिस्कही लवकर खातात. ज्याला खरंच निवड करायची आहे त्याने डब्यावरचं चित्र पाहू नये, पॅडच्या कडेला छापलेली दोन इंग्रजी अक्षरं पाहावीत. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं. 'एफ' म्हणजे घर्षणांक 0.35 ते 0.45, 'जी' म्हणजे 0.45 ते 0.55. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा उतरलेलं असेल तर तो पॅड घाटात दगा देण्याची शक्यता जास्त. अर्थात ही अक्षरं प्रयोगशाळेतल्या चाचणीची, पण जाहिरातीपेक्षा नक्कीच प्रामाणिक.

पॅडइतकंच, किंबहुना जास्तच महत्त्वाचं म्हणजे गॅरेजात ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात ते. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्या कोकणपट्टीत हवेत पाण्याला काय तोटा! ताज्या डॉट 4 चा उत्कलनांक किमान 230 अंश असतो, पाणी मुरल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. उकळून त्यात वाफ झाली की पेडल सरळ तळाला. दहा हजारांचे पॅड आणि सहा वर्षांचं ऑइल, हे म्हणजे गळक्या घरावर सोन्याचा कळस.

आणि न्यूट्रल! उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवण्याची आपल्याकडची जुनी खोड. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडं तथ्य असेल. पण आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरत असताना आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना बहुधा इंधन तोडूनच टाकतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. म्हणजे बचत शून्य, आणि सगळा भार ब्रेकवर. काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. मग दोनचार वेळा पाय दाबला की ब्रेकची ताकद वाढवणारा निर्वात संपतो, आणि पेडल दगडासारखं होतं. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम कुठल्याही डब्यात विकत मिळत नाही.

मग अंगणात पॅड बदलायचे कशाला? पैसे वाचतात म्हणून नव्हे. स्वतः चाक उघडलं की घाट कळतो म्हणून. डिस्कवरच्या चऱ्या, एका बाजूला जास्त झिजलेला पॅड, अडकलेली पिन हे सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस उतारावर पाय वेगळा ठेवतो.

आणि हे मी बेळगावच्या संदर्भात मुद्दाम म्हणतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं ते याच गावात. पुढे लोखंडी नांगर झाला, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि 1920 मध्ये त्याच कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे मराठी मासिक निघालं. पाना आणि लेखणी एकाच घरात नांदत होती! आजही उद्यमबागेत बिडाचं ओतकाम होतं. डिस्क त्याच बिडाची असते. त्या गावातल्या सुशिक्षित माणसाला आपल्या चाकाआड काय आहे ते ठाऊक नसावं, याला मी सांस्कृतिक दारिद्र्यच म्हणेन. भाषेसाठी भांडणाऱ्या सीमाभागात हाताचं शहाणपणही वारसाच मानायला हवं.

पण शहाणपण म्हणजे शिस्तही. सपाट जमीन, इतर चाकांना दगडांची उटी, आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. कॅलिपर नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने बांधायचा. पिस्टन मागे दाबताना टाकीतलं ऑइल वर येतं, ते सांडून रंग खातं, तिकडे लक्ष हवं. ग्रीस पिनांना, आणि तेही ब्रेकचंच. पॅडच्या तोंडाला बोटही नको. धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कारण जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचं. हे विसरलं तर पहिला ब्रेक समोरच्या भिंतीचा! नंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 10 पर्यंत, मध्ये थंड व्हायला वेळ देत, आठदहा वेळा वेग कमी करायचा, म्हणजे पॅड डिस्कवर बसतो. त्याआधी घाट नाही.

मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो का? नाही. ऑइल बदलणं, हवा काढणं, डिस्क मोजून घासणं, मागचे लायनर ही त्याचीच कामं. उलट ज्याने एकदा हात काळे केलेत तो मिस्त्रीशी घासाघीस कमी करतो, आणि नेमका प्रश्न विचारतो.

एवढंही जमणार नसेल तर निदान एक करा. पुढच्या वेळी टायर पंक्चर झालं आणि चाक निघालंच, तर स्टेपनी चढवण्यापूर्वी आत डोकावून बघा. पॅडचं अस्तर दोनतीन मिलिमीटरच उरलेलं दिसलं, तर त्या दिवशी घाट उतरू नका. बेळगावात मुक्काम करा. कुंदा कुठे पळून जात नाही.