अमृतधारा, साबण आणि सूनबाई

मैत्रिणींनो, या आठवड्यात एका सासूबाईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, ‘‘माझी सून रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. विषय विचारला तर म्हणते, ‘आई, पाण्याऐवजी दुसऱ्याच द्रवात साबणाचे कण कसे जमतात, ते बघते.’ घरातली मंडळी हसतात. ‘साबणासाठी एवढं शिक्षण? सोड म्हणावं आता!’ मला सुनेला दुखवायचं नाही, पण चारचौघांत उत्तरही देता येत नाही. काय सांगू?’’

ताई, उत्तराची सुरुवात तुमच्या फडताळातच आहे. अमृतधारा आठवा. भीमसेनी कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल समभाग घेऊन बाटलीत घातलं की ना पाणी, ना विस्तव, तरी थोड्या वेळात सगळं पातळ होतं. एकेकटे असताना हे तिन्ही घन. एकत्र आले की मात्र कुणालाच आपली घट्ट मांडणी टिकवता येत नाही. (ही बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात.)

हेच तत्त्व घेऊन २००३ साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू ॲबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन स्वस्त पदार्थ एकत्र केले. एक कोलीन क्लोराइड, जे कोंबड्यांच्या खाद्यात घालतात. दुसरा युरिया, आपल्या शेतातलं खत. पहिला ३०२ अंश सेल्सिअसला वितळतो, दुसरा १३३ला. पण पहिल्याच्या एका रेणूस दुसऱ्याचे दोन, या प्रमाणातलं त्यांचं मिश्रण १२ अंशांपर्यंत द्रवच राहतं. आहे की नाही गंमत?

आता साबणाकडे वळू. साबणाच्या रेणूला एक डोकं असतं आणि एक लांब शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. पाण्यात साबण पुरेसा झाला की हे रेणू आपोआप गोल करून बसतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. या पुंजक्याला ‘मायसेल’ म्हणतात. ओशट भांड्याचं तेल याच्या पोटात शिरतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. शाम्पूत असतं ते सोडियम डोडेसिल सल्फेट घेतलं तर एक लिटर पाण्यात सुमारे सव्वादोन ग्रॅम झाल्यावर पुंजके बनू लागतात, आणि एकेका पुंजक्यात साठेक रेणू असतात.

शेपट्यांना असं आत ढकलतं कोण? पाणी! मग पाणीच नसेल तर? बहुतेक द्रवांत ही मांडणी जमतच नाही. पण या कोलीन-युरियाच्या द्रवात जमते! इंग्लंडमधल्याच बाथ विद्यापीठातल्या कॅरन एडलर आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉनांचा मारा करून हे पुंजके तपासले. २०१५ साली त्यांनी दाखवलं, की इथले पुंजके पाण्यातल्यासारखे गोलसर नसून लांबट असतात. त्यात पाणी घालत गेलं की ते आखूड होतात. म्हणजे द्रव बदलून पुंजक्याला हवा तो आकार देता येईल. पाण्यात न विरघळणारं औषध पोटात घेऊन जाणारे पुंजके, बारीक छिद्रांचे पदार्थ घडवण्याचे साचे, अशी कामं त्यातून व्हावीत म्हणून प्रयोगशाळांत खटपट चालते. तुमच्या सूनबाई करतात तो अभ्यास या जातीचा.

आणि हसणाऱ्यांना एक गोष्ट सांगा. जर्मनीत ब्राउनश्वाइग गावी ॲग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी होती. तेव्हा तिथे मुलींना विद्यापीठाचं दार बंद. आजारी आईवडिलांचं करता करता तिने स्वयंपाकघरातच पाण्याच्या पृष्ठभागावरल्या तेलकट थरांवर प्रयोग केले. लॉर्ड रॅले यांच्या मदतीने १८९१ साली तिचं पत्र ‘नेचर’मध्ये छापून आलं. मानद डॉक्टरेट मिळाली ती १९३२ साली, सत्तरीत! तुमच्या सुनेला दार उघडं आहे, ताई. ते घरातूनच लोटू नका.

आपल्यासाठीही यात एक धडा आहे. भांडी स्वच्छ निघण्याइतके पुंजके झाले की पुढचा साबण वायाच जातो. वर विसळायला पाणी जास्त आणि हात कोरडे पडतात ते वेगळंच. तेव्हा उद्या साबण थोडा कमी घेऊन पाहा, आणि संध्याकाळी सूनबाईंना विचारा, ‘‘आज तुझे पुंजके लांबट झाले का गं?’’ बघा, चेहरा कसा खुलतो ते!